सिडनीतला पहिला मोसम

क्रिकेटच्या शौकिनांना व्हिक्टर ट्रंपर हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. १९०२ साली मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, कसोटी सामन्याच्या पहिल्याच दिवशी, उपाहाराची वेळ होण्यापूर्वी शतक पुरे करणारा हा ऑस्ट्रेलियन फलंदाज अवघ्या सदतिसाव्या वर्षी, १९१५ मध्ये, वारला. आणि ज्यांना त्याचा खेळ पाहण्याचे भाग्य लाभले नाही अशा पिढ्यांनीही त्याच्या फलंदाजीची वर्णने आवडीने वाचली. मात्र हाच ट्रंपर फुटबॉलच्या एका संस्थेचा पहिला खजिनदार होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ती संस्था म्हणजे न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग. तिने १९०८ साली नऊ संघांची एक स्पर्धा सिडनी शहरात भरवली. त्या स्पर्धेला म्हणावी तशी गर्दी लोटली नाही, तिचा अंतिम सामना उत्तमोत्तम खेळाडूंविना उरकावा लागला, तिच्या चालकांना वर्षभराच्या आत पायउतार व्हावे लागले आणि तिचा मुख्य सूत्रधार तर कर्जात बुडाला. इतके होऊनही ती स्पर्धा टिकली. ती का टिकली हे समजण्यासाठी ती भरवण्याची गरज मुळात का पडली, ते पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी थोडे मागे, इंग्लंडच्या उत्तर भागात जावे लागते.

रग्बी हा खेळ भारतात थोडाच खेळला गेला. कलकत्त्याच्या इंग्रज रहिवाशांनी १८७० नंतरच्या दशकात त्याचा एक क्लब काढला होता. परंतु तेथील हवा त्या खेळाला मानवेना आणि सभासदांचे मनही पोलो व टेनिस यांकडे वळले. तेव्हा क्लब मोडताना त्यांनी पेढीतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये आटवले आणि त्यांचा एक चषक घडवून तो इंग्लंडला धाडला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती अशी घडण असलेला हा ‘कलकत्ता कप’ इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी पुढे कायमचा ठेवण्यात आला. शिल्लक रकमेचे रुपये आटवण्याची ही कल्पना ज्यांना सुचली, त्यांना खेळातून काही मिळवायचे नव्हते हे उघड आहे. रग्बीच्या इंग्रज चालकांचा दंडकही तोच होता : खेळावे ते खेळाच्या आनंदासाठी, खेळाडूने त्यापायी एक पैही घेऊ नये. ज्याच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही, त्याला हा दंडक पाळणे मुळीच अवघड नव्हते.

यॉर्कशायर आणि लँकेशायर या उत्तरेकडील परगण्यांत मात्र स्थिती निराळी होती. तेथे रग्बी खेळत ते सूतगिरण्यांतले, कोळशाच्या खाणींतले आणि गोद्यांतले मजूर. शनिवारी दुपारपर्यंत काम आणि मग अर्धी सुटी. सामना जवळ असेल तर ठीक. दूरच्या गावी असेल तर सकाळचे काम बुडे. आपल्या गिरणगावात ज्याला ‘खाडा’ म्हणत तो या खेळाडूच्या पदरी पडे आणि आठवड्याच्या शेवटी तेवढी मजुरी कापली जाई. एखाद्याचा पाय मोडला तर पुढच्या कित्येक आठवड्यांची कमाई बुडे, ते वेगळेच. उत्तरेतील क्लबांचे मागणे एवढेच होते की, या खाड्याची भरपाई देण्यास परवानगी असावी. ते मागणे नाकारले गेले. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ नावाची स्वतंत्र संस्था स्थापन केली. दिवसाला सहा शिलिंग भरपाई, असा तिचा आरंभीचा नियम होता. सहा शिलिंगांच्या या प्रश्नावर जगातल्या एका मोठ्या खेळाची जी दोन शकले झाली, ती पुन्हा कधीच सांधली गेली नाहीत.

वेगळे झाल्यावर नव्या संस्थेला स्वतःच्या पायांवर उभे राहणे भाग होते, म्हणजेच प्रेक्षकांच्या तिकिटांवर जगणे भाग होते. प्रेक्षकाला चेंडू दिसला पाहिजे, धाव दिसली पाहिजे. जुन्या रग्बीत कित्येकदा तीसही जणांचा एक ढीग होऊन बसे आणि चेंडू कोठे आहे हे पंचालाही कळत नसे. म्हणून नॉर्दर्न युनियनने हळूहळू नियम बदलले. चेंडू सीमारेषेबाहेर गेला असता दोन रांगा करून तो फेकण्याची पद्धत १८९७ मध्ये बंद झाली. १९०६ मध्ये एका बाजूचे खेळाडू पंधरांवरून तेरांवर आणले गेले. आणि त्याच वर्षी सर्वांत महत्त्वाचा बदल झाला, तो पकडलेल्या खेळाडूसंबंधीचा.

आपल्या हुतूतूच्या परिभाषेत तो सहज समजेल. चढाई करणारा पकडला गेला की तो बाद होतो आणि खेळ पुढे सुरू होतो. त्याच्या अंगावर अर्धा तास कुस्ती चालत नाही. रग्बी लीगमध्येही, चेंडू घेऊन धावणारा पकडला गेला आणि त्याची गती संपली की प्रतिपक्षाने त्याला सोडावे, त्याने उठून उभे राहावे, चेंडू आपल्या पायापाशी ठेवावा आणि टाचेने मागच्या सहकाऱ्याकडे सरकवावा, असा नियम झाला. चढाई करणारा येथे बाद होत नाही, इतकाच फरक. पहिल्या काळात एकाच बाजूने असे कितीही वेळा करावे याला मर्यादा नव्हती; एखादा हुशार संघ चेंडू दुसऱ्याच्या हाती जाऊच देत नसे. ती मर्यादा पुष्कळ उशिरा, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, प्रथम चार पकडींची आणि नंतर सहा पकडींची अशी घालण्यात आली. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला म्हणजे ‘ट्राय’. त्याला त्या काळी तीन गुण मिळत. खांबांमधून लाथाडलेल्या गोलाला दोन. अंतिम सामन्याच्या निकालाकडे पाहताना हे आकडे ध्यानात ठेवलेले बरे.

आता सिडनी. विसाव्या शतकाच्या आरंभी हे पाच-सहा लाख वस्तीचे बंदर होते. शहराच्या पश्चिमेला बामेन, ग्लीब आणि न्यूटाउन, दक्षिणेला रेडफर्न, असा कामकऱ्यांच्या वस्त्यांचा पट्टा पसरला होता. बामेनला गोद्या, रेडफर्नजवळ रेल्वेचे कारखाने. खाडीपलीकडच्या नॉर्थ सिडनीला जायचे तर नावेतून. तो सुप्रसिद्ध पूल १९३२ साली झाला. येथे रग्बी लोकप्रिय होती आणि १९०० सालापासून तिच्या स्पर्धा उपनगरवार खेळल्या जात. त्यामुळे ‘आमचा संघ’ या शब्दांना गल्लीबोळांचा अर्थ आला. जुलै १९०७ मध्ये न्यूझीलंडचा संघ सिडनीला आला, तेव्हा एका सामन्याला पन्नास हजारांवर प्रेक्षक जमले. त्या पन्नास हजारांनी दरवाजावर दिलेले पैसे संस्थेच्या तिजोरीत जमा झाले. ज्यांचा खेळ पाहण्यास लोक आले होते, त्यांच्या वाट्याला तालीम, प्रवास आणि खाडे आले.

असे मोठे असंतोष पुष्कळदा एका लहानशा घटनेवर येऊन फुटतात. ॲलेक बर्डन हा नामांकित खेळाडू होता. १९०७ साली खेळताना त्याच्या खांद्याला जबर दुखापत झाली, कामावर जाणे अशक्य झाले आणि संस्थेने त्याला काही दिले नाही. संस्थेच्या बाजूने न्यायाने बोलायचे, तर नियमाप्रमाणे तिला काही देताच आले नसते. परंतु नियमावर बोट ठेवून दिलेले उत्तर कितीही बिनचूक असले, तरी घरी बसलेल्या माणसाच्या चुलीला त्याचा उपयोग नसतो. ट्रंपरचे मार्केट स्ट्रीटवर खेळाच्या साहित्याचे दुकान होते. तेथे संध्याकाळच्या बैठकी होऊ लागल्या. त्या बैठकींत जेम्स जोसेफ गिल्टिनन नावाचा एक धडाडीचा व्यापारी असे, तसाच रेल्वे कामगारांच्या चळवळीतून राजकारणात आलेला हेन्री हॉइलही असे. ८ ऑगस्ट १९०७ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरील बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात सभा भरली आणि लीगची स्थापना झाली. हॉइल अध्यक्ष, गिल्टिनन चिटणीस, ट्रंपर खजिनदार.

संस्था कागदावर स्थापन करणे सोपे. तिला लोकांपुढे उभे करण्यास सामने हवेत. ही संधी समुद्रापलीकडून चालून आली. वेलिंग्टनच्या टपालखात्यात कारकून असलेला अल्बर्ट बास्करव्हिल हा विशीतला तरुण नॉर्दर्न युनियनशी सामने खेळण्यासाठी न्यूझीलंडचा एक संघ इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत होता. प्रत्येक खेळाडूने पन्नास पौंड भांडवल घालायचे आणि नफा वाटून घ्यायचा, अशी ती सहकारी मंडळी होती. न्यूझीलंडच्या प्रसिद्ध ‘ऑल ब्लॅक्स’ संघाच्या नावावरून सिडनीच्या वृत्तपत्रांनी त्यांना कुत्सितपणे ‘ऑल गोल्ड्स’ म्हटले, कारण ते सोन्यासाठी खेळणार. गिल्टिननने त्यांना वाटेत सिडनीला तीन सामने खेळण्यास बोलावले. सिडनी क्रिकेट मैदान जुन्या संस्थेच्या बाजूने होते, म्हणून शेजारचे शेतकी प्रदर्शनाचे मैदान घेण्यात आले. गमतीचा भाग असा की, नव्या नियमांची पुस्तके अद्याप कोणाच्याच हाती आलेली नव्हती. तेव्हा बंड पुकारणारे हे तिन्ही सामने जुन्याच नियमांनी, पंधरा-पंधरा खेळाडूंनी, खेळले गेले. १७ ऑगस्टच्या पहिल्या सामन्याला सुमारे वीस हजार लोक आले.

ते आले त्याचे एक मोठे कारण होते हर्बर्ट हेन्री मेसेंजर, ज्याला सारे सिडनी ‘डॅली’ म्हणून ओळखे. डबल बे येथे त्याच्या घरच्यांचा नावा बांधण्याचा धंदा होता. त्याच्या लाथेने चेंडू अशक्य वाटाव्या अशा कोनांतून खांबांमध्ये जाई, आणि धावताना तो पुढे काय करील याचा अंदाज त्याच्या सहकाऱ्यांनाही नसे. तो गेला तर प्रेक्षक जाणार, हे दोन्ही पक्ष जाणून होते. गिल्टिनन आणि ट्रंपर त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईची संमती मिळाल्यावरच तो तयार झाला, असे सांगतात. खेळताच जुन्या संस्थेने त्याला जन्मभरासाठी बाहेर काढले आणि त्याची कामगिरी आपल्या नोंदींतून पुसून टाकली. त्या नोंदी पुन्हा जागेवर आल्या त्या शंभर वर्षांनी, २००७ साली. न्यूझीलंडच्या संघाबरोबर मेसेंजरही इंग्लंडला गेला.

इकडे सिडनीत १९०८ च्या जानेवारीपासून उपनगरांच्या सभा भरू लागल्या. ग्लीब, न्यूटाउन, साउथ सिडनी, बामेन, ईस्टर्न सबर्ब्ज, वेस्टर्न सबर्ब्ज, नॉर्थ सिडनी अशी नावे एका महिन्याच्या आत यादीत दाखल झाली. सभा बहुधा टाउन हॉलात होत; साउथ सिडनीची १७ जानेवारीला रेडफर्नच्या टाउन हॉलात झाली. शंभर मैलांवरच्या कोळशाच्या बंदरातून न्यूकॅसलचा संघ आला. कंबरलंड नावाचा नववा संघ इतका उशिरा सिद्ध झाला की पहिली फेरी त्याला चुकलीच. या सभांना गेलेल्या प्रत्येक खेळाडूला एक गोष्ट ठाऊक होती : एकदा येथे खेळला की परतीचा मार्ग बंद. लीग चार महिन्यांत मोडली असती, तर यांतील कोणालाही पुन्हा कोणत्याही मान्य मैदानावर पाऊल ठेवता आले नसते. मेसेंजरसारख्याची गोष्ट निराळी, त्याला कोणीही बोलावले असते. परंतु न्यूटाउनच्या किंवा वेस्टर्न सबर्ब्जच्या तिसऱ्या रांगेतल्या खेळाडूने ही जोखीम पत्करली, हे या मोसमातील खरे धाडस म्हटले पाहिजे.

ईस्टरचा सोमवार, २० एप्रिल १९०८. पहिल्या फेरीचे चार सामने दोन मैदानांवर, जोडीजोडीने ठेवले होते. बामेनमधील खाडीकाठचे बर्चग्रोव्ह ओव्हल हे एक मैदान, आणि ग्लीबजवळचे, दलदल बुजवून केलेले वेंटवर्थ पार्क हे दुसरे. बर्चग्रोव्हवर साउथ सिडनीने नॉर्थ सिडनीला ११–७ असे हरवले आणि बामेनने वेस्टर्न सबर्ब्जला एकही गुण न देता २४ गुण मिळवले. वेंटवर्थ पार्कवर ईस्टर्न सबर्ब्जने न्यूटाउनवर ३२–१६ आणि ग्लीबने न्यूकॅसलवर ८–५ असा विजय मिळवला. ईस्टर्न सबर्ब्जच्या जॉनी स्टंट्झ याने त्या एका दुपारी चार ट्राय नोंदवले. पहिल्याच दिवशी चार! हा खेळाडू पुढे महायुद्धात सैन्यात गेला आणि १९१७ साली फ्रान्समध्ये मारला गेला.

खेळाडूंपैकी बहुतेकांना तेरा जणांचा खेळ नवा होता. दोन माणसे कमी झाल्याने मैदान एकाएकी प्रशस्त झाले होते आणि जुन्या सवयीने जो तो ढिगाकडे धावे, तेव्हा कडेने मोकळी वाट पडे. धावण्यात तरबेज असलेल्यांना हा नियम वरदानासारखा ठरला. ३२–१६ यासारखे आकडे लोकांना नवलाचे वाटले असल्यास आश्चर्य नाही.

मोसम मात्र सुरळीत चालला नाही. किंबहुना त्याला स्पर्धा म्हणण्याऐवजी पाहुण्यांच्या येण्याजाण्यातून सवड काढून खेळलेल्या सामन्यांची मालिका म्हणणे अधिक बरोबर होईल. मे महिन्यात ऑल गोल्ड्स इंग्लंडहून परतले. त्यांनी तेथे नॉर्दर्न युनियनला कसोटी सामन्यांत दोन विरुद्ध एक असे हरवले होते. ९ मे रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगमधला पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडने तो ११–१० असा एका गुणाने जिंकला. दुसरा सामना ब्रिस्बेनला होता. संघ तेथे पोचला तेव्हा बास्करव्हिल आजारी पडलेला होता. त्याचा आजार न्यूमोनियावर गेला आणि २० मे रोजी त्याचा अंत झाला. वय पंचवीस. ज्याने कारकुनी सोडून, हिशेब मांडून, पत्रे लिहून दोन गोलार्धांना या खेळाने जोडले, त्याला आपल्या देशात तो खेळ रुजलेला पाहता आला नाही. न्यूझीलंडमध्ये नव्या नियमांनी झालेला पहिला सामना म्हणजे १३ जून रोजी वेलिंग्टनला त्याच्या आईच्या मदतीसाठी खेळला गेलेला सामना होय. मागून न्यूझीलंडहून माओरी खेळाडूंचा संघही आला. दरवाजावर पैसा जमला तो या पाहुण्यांच्या सामन्यांत. क्लबांचे सामने त्या पैशावर तगून राहिले.

क्लबांच्या लढतीत लवकरच दोन संघ पुढे निघाले. एक साउथ सिडनी, लाल-हिरव्या पोषाखाचा. दुसरा ईस्टर्न सबर्ब्ज. साउथ सिडनीला ‘रॅबिटोज’ असे टोपणनाव पडले. त्याची एक उपपत्ती अशी सांगतात की, संघातले काही गडी रविवारी सकाळी रस्त्याने ससे विकत आणि ‘रॅबिट-ओ’ अशी हाळी देत फिरत. दुसरीही एक-दोन स्पष्टीकरणे आहेत, परंतु लोकांनी ही धरली आणि तीच चालली. आदल्या दिवशी हजारोंच्या टाळ्या घेतलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर ससे टाकून दारोदार हिंडतो, हे चित्र खरे असो वा नसो, त्या उपनगराला ते आपलेसे वाटले. ग्लीब आणि नॉर्थ सिडनी यांनी उरलेल्या दोन उपांत्य जागा मिळवल्या. कंबरलंडची दुर्दशा झाली. त्याला सबंध मोसमात एकच सामना जिंकता आला, आणि मोसम संपला तसा तो संघही संपला. मेसेंजर आला होता खरा, पण देशाच्या आणि राज्याच्या सामन्यांतून ईस्टर्न सबर्ब्जच्या वाट्याला तो फारच थोडा आला.

तोवर गिल्टिननच्या डोक्यात त्याहून मोठा बेत शिजत होता. ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला न्यायचा! पैसा कोठून येणार? त्याने स्वतःच तो उभा केला. ‘कांगारू’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा पहिला संघ ऑगस्टच्या मध्यावर बोटीने निघाला, म्हणजे स्पर्धेचा निकाल लागण्यापूर्वीच. कोणत्याही शिस्तशीर संस्थेने अंतिम सामना आधी खेळवला असता. परंतु इंग्लंडचा मोसम सप्टेंबरात सुरू होत होता आणि बोटीला सहा आठवडे लागत. तेव्हा दोघांतले एक सोडणे प्राप्त होते. गिल्टिननने घरची स्पर्धा सोडली. त्यात त्याची चूक झाली असे म्हणण्यापूर्वी हेही पाहावे की, लीगला जगाच्या नजरेत मान मिळवून देण्याचा दुसरा मार्ग त्या वेळी त्याच्यापाशी नव्हता.

अशा रीतीने २९ ऑगस्ट १९०८ रोजी शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर पहिला अंतिम सामना झाला, तेव्हा दोन्ही संघांचे नामांकित खेळाडू भर समुद्रात होते. ईस्टर्न सबर्ब्जला त्याचा फटका अधिक बसला. मेसेंजर तर गेलाच, शिवाय अल्बर्ट रोझेनफेल्डही गेला. हा रोझेनफेल्ड पुढे इंग्लंडमध्येच राहिला आणि हडर्सफील्डकडून खेळताना त्याने १९१३–१४ च्या एका मोसमात ऐंशी ट्राय नोंदवले. हा विक्रम शंभर वर्षांनंतरही कोणाला मोडता आलेला नाही. त्या दिवशी मैदानावर चारेक हजार प्रेक्षक होते. वर्षापूर्वीच्या वीस हजारांशी तुलना केली तर हा आकडा दीनवाणा वाटतो. परंतु त्या वीस हजारांत कुतूहलाने आलेले पुष्कळ होते. हे चार हजार आपापल्या उपनगरासाठी आले होते. सामना शेवटपर्यंत चुरशीचा झाला आणि साउथ सिडनीने तो १४–१२ असा जिंकला. अंतर एका गोलाचे, म्हणजे एका लाथेचे. मेसेंजर असता तर काय झाले असते, हा प्रश्न ईस्टर्न सबर्ब्जच्या चाहत्यांनी किती वर्षे चघळला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

विलायतेत कांगारूंचे हाल झाले. चाळीसहून अधिक सामने, त्यांत हार अधिक, हवा खराब, आणि ज्यांच्या तिकिटांवर सारा भरवसा, त्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांना १९०८ च्या शरदात टाळे लागलेले. सात आठवडे मजुरी बंद. मजुराची मजुरी बुडते म्हणून जन्मलेला खेळ मजुरांची मजुरी बुडाल्याने धोक्यात आला, हा योगायोग मोठा क्रूर होता. परतीच्या भाड्यासाठी नॉर्दर्न युनियनला हात पुढे करावा लागला आणि गिल्टिनन कफल्लक होऊन घरी आला. घरी सभासद हिशेब मागत होते. उत्साहाच्या भरात पावत्या आणि वह्या ठेवण्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सार्वजनिक कार्यात हे नेहमीच घडते आणि नेहमीच महागात पडते. १९०९ च्या आरंभी हॉइल, गिल्टिनन आणि ट्रंपर या तिघांनाही अधिकारपदांवरून दूर करण्यात आले. ट्रंपरला पैशाचा मोह होता असे कोणी म्हणणार नाही. आपल्या दुकानातील चेंडू आणि बॅटी मुलांना फुकट वाटून टाकणारा माणूस खजिनदार म्हणून निवडणे, हीच मुळात गल्लत होती.

लीग तरली ती जेम्स जॉइंटन स्मिथ या धनिक हॉटेलवाल्याच्या चतुराईने. जुन्या संस्थेचा ‘वॉलबीज’ संघ लंडनच्या १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून परतला होता. स्मिथने पैसे मोजून त्यांतील चौदा खेळाडूंना १९०९ च्या हिवाळ्यात कांगारूंविरुद्ध खेळण्यास राजी केले. जुन्या संस्थेचे निम्मे बळ एका फटक्यात गेले. मात्र या व्यवहाराची किंमत १९०९ च्या क्लब स्पर्धेला द्यावी लागली. अंतिम सामना कांगारू-वॉलबीज लढतीच्या आधी, प्रेक्षक जमेपर्यंतचा विरंगुळा म्हणून, ठेवण्यात आला. बामेनने अपमान मानून मैदानात उतरण्यास नकार दिला. दोन्ही संघांनी न उतरण्याचे आपसांत ठरले होते, असे बामेनकर म्हणत राहिले; साउथ सिडनीचे गडी मात्र वेळेवर हजर झाले, समोर कोणी नसताना चेंडू मारला आणि सलग दुसरे विजेतेपद घेऊन गेले. बामेनच्या म्हाताऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या विसरू दिले नाही.

१९१० मध्ये नॉर्दर्न युनियनचा संघ सिडनीला आला, तेव्हा त्याच शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर चाळीस हजारांच्या आसपास लोक लोटले, आणि सिडनीत कोणती रग्बी लोकांची हा वाद मिटला. जुन्या रग्बी संस्थेने खेळाडूंना पैसे देण्यावरील बंदी उठवली ती थेट ऑगस्ट १९९५ मध्ये, हडर्सफील्डच्या त्या सभेला शंभर वर्षे भरत असताना.

त्या पहिल्या नऊ संघांपैकी न्यूकॅसलने दोन मोसमांनंतर आपली स्वतंत्र स्पर्धा काढली. ग्लीब १९२९ नंतर वगळला गेला, न्यूटाउन १९८३ नंतर. बामेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज यांना १९९९ साली एकत्र व्हावे लागले. साउथ सिडनीलाही त्याच सुमारास बाहेर काढण्यात आले होते. पण हजारो लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये संघ परत आला. ईस्टर्न सबर्ब्ज ‘सिडनी रूस्टर्स’ या नावाने खेळत राहिला. १९०८ च्या त्या ऑगस्टमध्ये चार हजार लोकांपुढे जे दोन संघ उभे राहिले, तेच दोघे वरच्या श्रेणीत आपापल्या वेगळ्या अस्तित्वाने शिल्लक राहिले आहेत. गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाला पुढे दर वर्षी जी ढाल देण्यात येऊ लागली, तिला नाव आहे ते जे. जे. गिल्टिननचे.